शिकाऊ उमेदवारी : मालकाचे कर्तव्य आणि मालकाचा लाभ



व्यापारी आणि कारखानदार एकत्र जमले की एक तक्रार हमखास ऐकू येते. कामाला माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याला काम येत नाही. आणि काम येऊ लागले की तो टिकत नाही. त्याच गावात, बहुधा त्याच गल्लीत, दुसरीही एक तक्रार असते. मुलगा आयटीआय झाला, मुलगी पदवीधर झाली, परंतु जाईल तेथे अनुभव विचारतात. आणि कामावर कोणी घेतलेच नाही, तर अनुभव आणावा कोठून? या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. एकीचे उत्तर दुसरीत दडलेले आहे, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. या दोहोंना जोडणारी व्यवस्था म्हणजे शिकाऊ उमेदवारी. मालकाने शिकाऊ उमेदवार का घ्यावा, त्यासाठी कायदा काय मागतो, खर्च किती येतो आणि मालकाला त्या बदल्यात काय द्यावे लागते, एवढ्याच प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

जुनी उमेदवारी

‘उमेदवार’ म्हटले की आज निवडणूक आठवते. परंतु शब्दाच्या मुळाशी ‘उमेद’ आहे. पूर्वी पेढीवर ‘उमेदवारी करणे’ याचा अर्थ होता पगाराची अपेक्षा न धरता, पुढे मिळेल या आशेवर काम शिकत राहणे. पेढीवर आलेला पोर प्रथम गादी झाडीत असे, पाणी भरीत असे. मग टपाल नेणे-आणणे, उधारीच्या वसुलीला जाणे, त्यानंतर कच्च्या वहीतील नोंदी आणि पुष्कळ दिवसांनी रोजमेळ व खातावणी. मुनीमजी काही शिकवीत बसत नसत. मुलगा पाहून पाहून शिकत असे. सुताराच्या शाळेवर, चांदीच्या कारखान्यात, यंत्रमागाच्या शेडमध्येही हीच रीत होती.

या रीतीत मोठा गुण होता. माल कसा पारखावा, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, शब्द कसा पाळावा, हे पुस्तकात न मिळणारे शिक्षण तेथे मिळत असे. परंतु दोषही तेवढाच मोठा होता. किती दिवसांत काय शिकवायचे, हे कोठेही लिहिलेले नसे. गादी झाडण्यातच दोन वर्षे गेली, तरी विचारणारे कोणी नव्हते. चांगल्या मालकाकडे मुलाचे कल्याण होई आणि वाईट मालकाकडे त्याची वेठबिगार होई. मुलाचे भाग्य मालकाच्या स्वभावावर अवलंबून असे.

हा दोष कायद्याने दूर करण्याचा पहिला प्रयत्न हिंदुस्थानात १८५० साली झाला. त्या वर्षीच्या कायद्याचा रोख मुख्यतः अनाथ व गरीब मुलांवर होता. त्यांना एखादा धंदा शिकता यावा म्हणून लेखी कराराने मालकाकडे सोपविण्याची तरतूद त्यात होती. स्वातंत्र्यानंतर, उद्योगांना कुशल कारागीर हवेत या विचाराने, १९६१ साली संसदेने शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत केला. आज देशात चालते ती शिकाऊ उमेदवारी याच अधिनियमावर उभी आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंते त्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने आणि त्यानंतर २०१९ च्या नियमांनी ती बरीच सुटसुटीत झाली.

कायद्याची चौकट

शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, तो प्रशिक्षणार्थी होय, हे या अधिनियमाचे मर्म आहे. या एका वाक्यातून मालकाच्या सवलती निघतात आणि मालकाची बंधनेही त्यातूनच निघतात.

प्रथम संख्या. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे काम करतात, तिला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे. कंत्राटी माणसेही या गणतीत धरावयाची असतात. एकूण संख्येच्या किमान अडीच टक्के आणि कमाल पंधरा टक्के, अशी मर्यादा आहे. म्हणजे ४० माणसांच्या कारखान्याने किमान एक उमेदवार घेतलाच पाहिजे, आणि त्याला सहापर्यंत घेता येतील. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला हे ऐच्छिक आहे. बाजारपेठेतील बहुतेक दुकाने, अडत पेढ्या, छोटी वर्कशॉप याच दुसऱ्या गटात मोडतात. त्यांच्यावर सक्ती नाही, मात्र दार उघडे आहे. २०१९ पूर्वी हे दार सहा माणसांपासून उघडत होते. आता ते चारपासून उघडते.

दुसरी गोष्ट व्यवसायाची. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांसारखे काही व्यवसाय शासनाने निर्दिष्ट केलेले आहेत आणि त्यांचा अभ्यासक्रम व कालावधी ठरलेला आहे. २०१४ पासून ‘ऐच्छिक व्यवसाय’ हा दुसरा प्रकार आला. त्यात मालकाला आपल्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम आखता येतो. कालावधी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असू शकतो. दुकानातील विक्री, हिशेब, गोदामाची व्यवस्था असली कामेही यामुळे शिकाऊ उमेदवारीच्या कक्षेत आली. शिकाऊ उमेदवारी म्हणजे केवळ लोखंडाचा कारखाना, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे.

तिसरी गोष्ट कराराची. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो. उमेदवार अज्ञान असेल तर त्याचे पालक सही करतात. चौदा वर्षांखालील मुलाला घेता येत नाही आणि धोक्याच्या उद्योगांत अठरा वर्षे पूर्ण झालेली असणे आवश्यक आहे. कराराची नोंदणी शासनाच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर होते. नोंदणी झालेली नसेल, तर त्या मुलाला ‘ट्रेनी’ म्हटल्याने तो शिकाऊ उमेदवार ठरत नाही. अनेक ठिकाणी तोंडी बोलीवर मुले ठेवली जातात, त्यांना अल्प पैसे दिले जातात आणि त्याला प्रशिक्षण म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने ते प्रशिक्षण नसते आणि उद्या वाद झाला, तर मालकाच्या हाती कागद नसतो.

हिशेबाची बाजू

आता व्यापारी ज्या गोष्टीकडे प्रथम पाहतो, तिच्याकडे वळू. शिकाऊ उमेदवाराला पगार नसतो, विद्यावेतन असते. २०१९ च्या नियमांनी त्याचे किमान मासिक दर असे ठरविले : पाचवी ते नववी शिकलेल्यास ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णास ६,०००, बारावी उत्तीर्णास व आयटीआय प्रमाणपत्रधारकास ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० रुपये. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ आणि तिसऱ्या वर्षी आणखी पंधरा टक्के. हे किमान दर आहेत. अधिक देण्यास मज्जाव नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली. म्हणून करारावर सही करताना त्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर पाहून घ्यावा; जुन्या ऐकीव आकड्यावर विसंबू नये.

यात शासनाच्या साह्याचाही भाग असतो. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, परंतु दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र शासनाचा वाटा ठरला. २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या स्किल इंडिया कार्यक्रमात ही योजना मार्च २०२६ पर्यंतच्या मुदतीसाठी धरलेली होती.

७,००० रुपयांच्या दराने एक उदाहरण घेऊ. पंचवीस टक्के म्हणजे १,७५०. परंतु मर्यादा १,५०० ची. राहिलेले ५,५०० मालकाने द्यावयाचे, म्हणजे वर्षाला ६६,०००. शासनाचा वाटा मुळीच मिळाला नाही, तर वर्षाला ८४,०००. शिकाऊ उमेदवारासाठी भविष्य निर्वाह निधी व राज्य विमा यांची वर्गणी भरावी लागत नाही, हा भाग वेगळा.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. सरकारी वाटा धरला तरच जमतो आणि न धरल्यास कोलमडतो, असा हिशेब कच्चा समजावा. योजना येतात, बदलतात, त्यांची मुदत संपते. मालकाने आपला ताळेबंद ८४,००० वर मांडावा. साह्य मिळाले तर ते वरकड. शिवाय खरा खर्च विद्यावेतनाचा नसतोच. शिकविणाऱ्या मिस्त्रीचा वेळ, सुरुवातीला वाया जाणारा माल, मंदावलेले मशीन हा खरा खर्च होय. पहिले काही महिने उमेदवार देतो त्यापेक्षा घेतो अधिक. पुढे तो तारखेप्रमाणे काम उरकू लागतो आणि अखेरच्या टप्प्यात त्याचे काम बऱ्याच अंशी जाणत्या कारागिराच्या तोडीचे होते. पहिल्या महिन्यातच नफा शोधणारा मालक निराश होतो, आणि निराश झालेला मालक मुलाला हमालीला लावतो. बहुतेक करार तेथेच बिघडतात.

मालकाने काय द्यावयाचे

शिकाऊ उमेदवार कामगार नसल्याने मालकाला काही सवलती मिळतात, हे खरे. परंतु त्याच कारणाने काही गोष्टी त्याला करताही येत नाहीत. उमेदवाराला उक्त्यावर, म्हणजे नगामागे पैसे देऊन, काम देता येत नाही. उत्पादनावर आधारित बोनसाच्या योजनेत त्याला ओढता येत नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीवाचून त्याला जादा वेळ थांबवून घेता येत नाही. यामागचे तत्त्व सरळ आहे. नगामागे पैसे मिळू लागले की मुलगा येणारे तेच काम पुनःपुन्हा करील, न येणारे शिकणार नाही. आणि मालकालाही तेच सोयीचे वाटेल.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र उमेदवार आणि कामगार असा भेद कायदा करीत नाही. कारखान्यातील आरोग्य, सुरक्षा व कल्याण यांचे नियम त्याला लागू आहेत. काम करताना त्याला इजा झाली, तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर आहे. नवशिक्याच्या हाताला सवय नसते आणि भीतीही नसते. म्हणून अपघाताचा धोका त्यालाच अधिक. गॉगल, हातमोजे, बूट पहिल्या दिवशी द्यावेत, पहिल्या अपघातानंतर नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिकविणारा. योग्य पात्रतेच्या व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रशिक्षण देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातले आहे. व्यवहारात असे दिसते की मालक मुलाला घेतो आणि ‘त्याला जरा बघा’ एवढे सांगून शेडमध्ये सोडतो. ज्याने सर्वांनी बघावयाचे असते, त्याला कोणीच बघत नाही. जुना मिस्त्रीही मनातून बिचकतो. आपले कसब याला दिले, तर उद्या आपली गरज उरेल काय, असे त्याला वाटते. ही शंका मालकाने स्वतः दूर केली पाहिजे. शिकविण्याबद्दल मिस्त्रीच्या पगारात वेगळी भर घालावी आणि चार माणसांत त्याचा मान राखावा. मिस्त्रीला यात तोटा दिसत राहिला, तर कोणताही करार मुलाला शिकवू शकणार नाही.

कामाची पद्धत

ज्याला उमेदवार घ्यावयाचा आहे, त्याने पुढील क्रमाने जावे.

१) आपल्याकडे दोन वर्षांनी कोणत्या कामाला माणूस लागणार आहे, हे आधी ठरवावे. निवृत्तीला आलेला मोल्डर, वाढणारे हिशेबाचे काम किंवा नवे मशीन, यांपैकी जी गरज खरी असेल ती. गरज नसेल, तर उमेदवार घेऊ नये.

२) त्या कामाचे भाग पाडून कागदावर लिहावेत. फाउंड्रीत वाळू तयार करणे, साचा भरणे, गाभा बसविणे, ओतकाम, तपासणी. पेढीवर आवक-जावक, बिले, जीएसटीच्या नोंदी, बँकेचा मेळ, ताळेबंद. कोणता भाग कोणत्या महिन्यात शिकवायचा, ते पुढे मांडावे.

३) एका ठरावीक माणसाला शिक्षक नेमावे आणि तसे सर्वांना सांगावे.

४) पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करून जागा जाहीर कराव्यात. जवळच्या आयटीआयशी प्रत्यक्ष बोलावे. तेथील शिक्षकाला कोणत्या मुलाच्या हाताला वळण आहे, हे ठाऊक असते.

५) उमेदवाराला रोजनिशी ठेवावयास सांगावी. आज काय शिकलो, काय चुकले, एवढे दोन ओळींत पुरे. मालकाने आठवड्यातून एकदा ती वाचून सही करावी. ज्या रोजनिशीत महिनाभर ‘माल उचलला’ एवढेच असेल, ती मालकाची परीक्षा नापास झाल्याची खूण समजावी.

६) अखेरीस परीक्षेला बसण्यासाठी त्याला वेळ व उत्तेजन द्यावे. मिळणारे प्रमाणपत्र त्याच्या आयुष्याची पुंजी आहे.

ज्याचा धंदा केवळ हंगामी आहे, ज्याच्याकडे शिकविणारा माणूस नाही किंवा ज्याला फक्त माल उचलायला हात हवे आहेत, त्याने सरळ मजूर ठेवावा आणि त्याला कायद्याप्रमाणे मजुरी द्यावी. त्यात काही कमीपणा नाही. मजुराला उमेदवार म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे आहे.

‘शिकवावे आम्ही, न्यावे दुसऱ्याने’

आता मालकांच्या मनातील खऱ्या भीतीकडे यावे. दोन वर्षे खपून मुलगा तयार करावा आणि शेजारच्याने हजार रुपये अधिक देऊन तो न्यावा, हा अनुभव अनेकांना आहे. या भीतीला हसून चालणार नाही.

कायद्याने यावर एक उपाय ठेवला आहे. सर्वसाधारणपणे प्रशिक्षणानंतर उमेदवाराला नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. नोकरीत घेण्याविषयी आपले धोरण मात्र त्याने ठरवून ठेवावयाचे असते. परंतु प्रशिक्षणानंतर उमेदवाराने त्याच मालकाकडे काम करावे, अशी अट करारात घालता येते. तशी अट घातली, तर ती दोघांनाही बांधते. उमेदवाराने ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या वेतनावर काम करावयाचे आणि मालकाने त्याला योग्य नोकरी दिलीच पाहिजे. मुदत किंवा वेतन अवाजवी असेल, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागार त्यात बदल करू शकतो. म्हणजे स्वतः मोकळे राहून मुलाला मात्र बांधून ठेवावे, ही सोय कायदा देत नाही. ते न्याय्यच आहे.

तथापि, कराराने बांधलेला माणूस देहाने राहतो, मनाने राहीलच असे नाही. मुलगा जातो तो बहुधा केवळ हजार रुपयांसाठी जात नाही. प्रशिक्षण संपले त्या दिवशी आपले पुढे काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. काम पूर्ण येऊ लागल्यावरही त्याला ‘पोऱ्या’ म्हणूनच हाक मारली जाते. ज्या मालकाने शेवटच्या तीन महिन्यांत त्याला समोर बसवून हुद्दा, पगार आणि पुढची वाट स्पष्ट सांगितली, त्याच्याकडे मुलगा राहण्याचा संभव अधिक असतो.

आणि तरीही काही जण जातील. त्याचा विचार एकट्या दुकानाच्या नव्हे, तर संपूर्ण बाजारपेठेच्या पातळीवर करावा लागतो. जर्मनीत १९६९ च्या कायद्याखाली चालणाऱ्या व्यवस्थेत मुलगा आठवड्याचे बहुतेक दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत शिकतो. परीक्षा त्या भागातील उद्योग-व्यापार मंडळे व कारागीर मंडळे घेतात. एका कारखान्यातून शिकून गेलेला मुलगा दुसऱ्याला मिळतो आणि दुसऱ्याकडचा पहिल्याला. सगळेच शिकवीत असतील, तर कोणाचेच फार नुकसान होत नाही. एकच शिकवितो आणि नऊ जण पळवितात, तेव्हा मात्र तो एकही शिकविणे सोडतो आणि मग दहाही जण माणूस मिळत नाही म्हणून तक्रार करीत बसतात.

एकत्र येऊन

लहान मालकाची अडचण अशी की त्याच्याकडे कामाचा एकच प्रकार असतो. ज्याच्याकडे फक्त लेथ आहे, तो मिलिंग कोठून शिकविणार? यावरही कायद्यात वाट आहे. दोन किंवा अधिक मालकांना एकत्र येऊन, किंवा एखाद्या संस्थेमार्फत, उमेदवारांना शिकविता येते. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतीत शेजारी शेजारी असलेल्या छोट्या वर्कशॉपना, हुपरीतील चांदी कारागिरांना, इचलकरंजीतील यंत्रमागधारकांना ही तरतूद उपयोगी पडण्यासारखी आहे. चार मालकांनी मिळून चार मुले घ्यावीत, प्रत्येकाने आपला भाग शिकवावा आणि मुले आळीपाळीने फिरवावीत. मुलगा चौरस तयार होतो आणि शिकविण्याचा भार एकावर पडत नाही. शिवाय चौघे एकमेकांना शब्द देऊन बसलेले असल्याने पळवापळवीलाही आपोआप आळा बसतो.

मुलींचा विचार याच ठिकाणी केला पाहिजे. हिशेब, प्रयोगशाळा, गुणवत्ता तपासणी, संगणक, विक्री या कामांत मुली उत्तम शिकतात; मशीनवरही शिकतात. परंतु वेळेची निश्चिती, स्वच्छतागृह आणि निर्भय वातावरण नसेल, तर पालक पाठविणार नाहीत, आणि त्यांचे चुकते असेही म्हणता येणार नाही. या गोष्टींचा खर्च विद्यावेतनाच्या मानाने थोडा असतो.

जुन्या व्यापारी घराण्यांत मुलाला आपल्या गादीवर बसविण्यापूर्वी दुसऱ्याच्या पेढीवर काही काळ ठेवण्याची पद्धत असे. आपल्या दुकानात तो मालकाचा मुलगा; दुसऱ्याच्या दुकानात तो उमेदवार. दुसऱ्याकडे ठेवलेल्या आपल्या मुलाला तेथील मालकाने कसे वागवावे, त्याला काय शिकवावे, किती वाजता घरी सोडावे, याविषयी बापाच्या मनात जी अपेक्षा असते, तीच अपेक्षा आपल्याकडे आलेल्या परक्याच्या मुलाचा बापही धरीत असतो. करारनाम्यातील कलमे पुष्कळ आहेत. परंतु ती सारी पाळली जातात की नाही, हे पाहण्यास एवढा एक प्रश्न पुरेसा आहे. त्याचे उत्तर समाधानकारक असेल त्या मालकाने येत्या वर्षी किमान एक जागा जाहीर करावी. गावातील एका मुलाचा अनुभवाचा प्रश्न त्याने सुटेल आणि दोन वर्षांनी त्याच मालकाला जाणत्या माणसासाठी बाजारभर हिंडावे लागणार नाही.